बर्फाची गाडी विकणे आहे

आधीच सांगून ठेवते मित्रांनो, मी गोळ्याची गाडी नव्हे. काला खट्टा, कच्ची कैरी असलं काही माझ्याकडे मिळत नाही. मी बर्फावरून पळणारी गाडी आहे. मला पुढे चाकांच्या जागी दोन लांब पट्ट्या आहेत, मागे दातेरी रबरी पट्टा आहे, आणि दोरी ओढली की माझं इंजिन सुरू होतं. जिथे मैलोन्मैल बर्फ पडतो तिथे माझा जन्म झाला आणि आता मी सिंगापुरात राहते. इथे बाहेर बर्फ पडत नाही, नुसता घाम पडतो. मी इथे कशी आले ते ऐका. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा, कारण माझ्या पोटात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग लालभडक होता. अमेरिकेतल्या एका थंड राज्यात उद्धवकाका आणि मधुमतीकाकू राहत होते, त्यांनी मला घेतलं. घरी नेल्यावर काकूंनी माझी रीतसर पूजा केली. हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि मग दोघं लिंबू हातात घेऊन विचार करत बसले. "अगं, हिला चाकंच नाहीत! लिंबू ठेवायचं कशाखाली?" काका म्हणाले. शेवटी पुढच्या पट्ट्यांखाली एकेक ठेवलं आणि मी ते चिरडून पुढे गेले. त्याच दिवशी काका सरकारी कचेरीत गेले आणि मला काकूंच्या नावावर करून आले. नोंदणीच्या नंबराचा स्टिकर माझ्या कुशीवर चिकटवला. माझी सीट थंडगार लागते म्हणून काकूंनी आपल्या जुन्या इरकली लुगड्याची खोळ शिवली. इरकली काठाची सीट असलेली त्या राज्यात मी एकटीच असेन! लोक थांबून बघायचे आणि मी ऐटीत पळायचे.

काका गेले. काकूंना एकटीला मला हाकणं जमेना. तेव्हा पुण्याचा एक मुलगा शेजारच्या राज्यात शिकायला आला होता, त्याचं नाव धैर्यशील. नाव ठेवणाऱ्यानं काय बघून ठेवलं कोण जाणे. काकूंच्या हातची पुरणपोळी खायला तो दर सुट्टीत हजर असायचा. आपलाच मुलगा म्हणून काकूंनी मला त्याला जवळजवळ फुकटात विकलं.

"फक्त एक कर धैर्यशील," काकू म्हणाल्या, "आधी नावावर करून घे. तुझं राज्य वेगळं. तिथला कर भर, तिथला स्टिकर लाव. आळस करू नकोस."

"हो काकू, उद्याच करतो."

मित्रांनो, ते 'उद्याच' मी अजून ऐकते आहे. दोन राज्यांच्या मध्ये एक रेष असते. गाडी ती रेष ओलांडून नेली की नव्या मालकानं तिथल्या कचेरीत जायचं, गाडी आपल्या नावावर करायची आणि कर भरायचा. त्यात अवघड ते काय? पण हा पठ्ठ्या मित्रांना सांगायचा, "कर कसला भरायचा? काकूंनी दिली म्हणजे घरचीच गाडी. बर्फात काय पोलीस उभे असतात?" आणि मला काकूंच्या स्टिकरवर खुशाल पळवायचा.

एका दुपारी त्यानं जवळची वाट म्हणून मला सफरचंदाच्या बागेत घातलं. 'आत येऊ नये' अशी पाटी होती, मी डोळ्यांनी पाहिली. बर्फाखाली नवी लावलेली रोपं होती. माझ्याच पट्ट्याखाली ती कडाकड मोडली. आवाज त्यालाही ऐकू आला, तरी तो थांबला नाही. बागेच्या मालकानं लांबून माझा नंबर तेवढा टिपला.

नंबर कुणाचा? काकूंचा. पोलीस सीमेपलीकडे काकूंच्या दारात गेले. काकूंचा फोन आला तेव्हा धैर्यशील गॅरेजमध्ये होता आणि फोन स्पीकरवर होता.

"अरे, गाडी तुझ्याकडे आहे ना? हे लोक मला विचारतायत."

"माझ्याकडे? नाही हो काकू. मी तर ती तेव्हाच परत आणून ठेवली होती तुमच्या शेडमध्ये. आठवत नाही का तुम्हाला?"

पोलिसांनाही त्यानं तेच सांगितलं. काकूंचं वय झालंय, त्या विसरतात, असं वर म्हणाला. मी त्याच्या पुढ्यात, दीड हातावर उभी होते! मला तोंड असतं तर तिथेच त्याचे वाभाडे काढले असते. काकूंनी भरपाई केली आणि बागेच्या मालकाला फोन करून माफी मागितली, न केलेल्या गुन्ह्याची. काकूंच्या गावात पुढे सगळे त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले, वेड लागलेल्या माणसाशी बोलतात तसं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की याला सोडायचा नाही.

पुढे धैर्यशीलला सिंगापुरात बुओना व्हिस्टाला नोकरी लागली. आता माझं काय करायचं? विकावी तर नावावर नाही. टाकून जावं तर पोलीस पुन्हा काकूंकडे जाणार आणि याचं खोटं उघडं पडणार. कंटेनरचा खर्च कंपनी करत होती, म्हणून त्यानं मला सोफा आणि पलंगाच्या मागे कोंबलं. बंदरावरच्या माणसानं मला चहूबाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "हे रस्त्यावर चालवणार?" "छे छे, शोपीस आहे," धैर्यशील म्हणाला. शोपीस! मग एका भाड्याच्या गोदामात मी वर्षानुवर्षं धूळ खात पडले.

गेल्या वर्षी गोदामाचं भाडं वाढलं आणि साहेबांना माझी आठवण झाली. त्यानं दोन जाहिराती दिल्या. इंग्रजी जाहिरात बघून मिस्टर लिम यांचा फोन आला. मुलांसाठी छपराखाली खोटा बर्फ पाडतात तसल्या एका हॉलचे ते मॅनेजर. बर्फ रोज सारखा करायला त्यांना यंत्र हवं होतं. दुसरी जाहिरात त्यानं मराठी मंडळींच्या ग्रूपवर टाकली: 'बर्फाची गाडी विकणे आहे. उत्तम स्थितीत. येऊन बघावी.' खाली गोदामाचा पत्ता.

आता तुम्हीच सांगा, सिंगापुरात बसलेला मराठी माणूस 'बर्फाची गाडी' वाचून काय समजेल?

शनिवारी सकाळी मिस्टर लिम आले. धैर्यशीलनं माझ्यात नवं पेट्रोल ओतलं, मला फडक्यानं पुसलं, आणि कानाशी पुटपुटला, "आज चालू झाली नाहीस तर उद्या भंगारात." खरं सांगते, बर्फ हा शब्द ऐकूनच माझा जीव तुटत होता. एकदा घुरघुरले असते तर संध्याकाळपर्यंत बर्फावर असते. पण मग हा हात झटकून मोकळा झाला असता, आणि वर शाबासकी घेऊन गेला असता. त्यानं दोरी ओढली. मी गप्प. पुन्हा ओढली, पुन्हा गप्प. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. भंगार तर भंगार, म्हटलं, पण तुझ्या हातानं सुरू होणार नाही.

"कॅनॉट स्टार्ट, कॅनॉट बाय लाह," मिस्टर लिम इथल्या बोलीत म्हणाले आणि वळले.

तेवढ्यात दारातून एक बाई आत डोकावल्या. "एक्स्क्यूज मी, गोळ्याची गाडी इथेच आहे ना? मी मेधा, मेसेज केला होता. मुलाच्या मुंजीत गोळे ठेवायचेत." ही मेधा इथल्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर आहे. ती मागे वळून म्हणाली, "ये आत्या, सावकाश. पायरी आहे."

आणि काठी टेकत मधुमतीकाकू आत आल्या. भाचीकडे मुंजीला आल्या होत्या.

धैर्यशीलचा चेहरा पांढराफटक पडला. काकूंनी आधी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्यापाशी आल्या, सीटवरचा इरकली काठ बोटांनी चाचपला, आणि म्हणाल्या, "अगं बाई! तू इथे?"

"काकू, तुमचा गैरसमज होतोय," धैर्यशील घाईघाईनं म्हणाला. "ही ती नव्हे. सेम मॉडेल आहे फक्त."

"माझं लुगडंपण सेम मॉडेल का रे?"

मेधा काही न कळून दोघांकडे बघत राहिली. काकूंनी काठी तिच्या हातात दिली आणि माझी दोरी धरली. त्यांचा हात लागला आणि मित्रांनो, मी पहिल्या ओढीत अशी गर्जले की गोदामाचा पत्रा थरथरला. काकूंनी मला थोपटून बंद केलं.

मिस्टर लिम परत फिरले. "वाह, आंटी! धिस मशीन हूज वन?"

"माझी," धैर्यशील म्हणाला.

"नावावर केलीस?" काकूंनी विचारलं.

तो माझ्या कुशीवरच्या स्टिकरपुढे येऊन उभा राहिला.

"स्टिकर कुणाचा आहे वाच बरं. तेवढा कर वाचवलास ना बाळ, म्हणून ही अजून माझीच आहे." मग मिस्टर लिमकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "माझी आहे. कागदावर मी अजून कुणाला दिलेली नाही."

"काकू, सॉरी. रिअली सॉरी. लहान होतो तेव्हा."

"मला सॉरी नको. त्या बागवाल्याला फोन लाव."

"आत्ता? तिथे रात्र असेल."

"संध्याकाळ आहे. जेवणं व्हायचीत."

"पण नंबर नाही माझ्याकडे."

"माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या. "माफी मागायला मीच लावला होता ना."

फोन लागला, स्पीकरवर. धैर्यशीलनं अडखळत सगळं सांगितलं: रोपं आपण मोडली, गाडी आपल्याकडेच होती, पोलिसांना सांगितलं ते खोटं होतं. पलीकडच्या म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "मग त्या बाईंनी माझी माफी का मागितली?"

धैर्यशीलनं काकूंकडे पाहिलं.

"सांग ना," काकू म्हणाल्या आणि फोन त्याच्या तोंडापुढे सरकवला. "मी का मागितली? मला वेड लागलं होतं म्हणून?"

"नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "मी खोटं बोललो म्हणून. त्यांना सगळं नीट आठवत होतं." हे त्याला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. मला फार फार बरं वाटलं.

काकूंनी मला मिस्टर लिम यांना विकलं. पैसे त्या बागेत नवी रोपं लावायला पाठवायचे आणि मला हॉलपर्यंत पोचवायचा खर्च धैर्यशीलनं करायचा, असं ठरलं. "आधी नावावर करून घ्या," काकूंनी बजावलं, आणि मिस्टर लिम यांनी सगळी लिखापढी सोमवारीच उरकली. मेधाला गोळ्याची गाडी दुसरीकडून आणावी लागली.

आता मी रोज सकाळी बर्फ सारखा करते, आणि अधूनमधून मुलांना फेरी मारून आणते. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणाची वस्तू घ्याल तर ती मनापासून आपली करा, आणि तिच्या हातून जे मोडेल तेही आपल्याच नावावर लिहा. आम्ही बोलत नाही, पण आम्ही पाहिलेलं असतं. काकूंनी त्याला माफ केलं म्हणतात. तो त्यांचा स्वभाव. मी केलेलं नाही.

मागच्या सुट्टीत धैर्यशील लेकीला घेऊन हॉलवर आला होता. आर्या माझ्यावर बसली, गोड पोर आहे, तिला मी अगदी अलगद फिरवलं. "पप्पा, कम लाह! सो फन!" ती ओरडत होती. तो भाड्याचं जाकीट घालून कठड्यापलीकडेच उभा राहिला. "नको गं," म्हणाला, "मी इथूनच बघतो."

बघ बाबा, बघ. मी इथेच आहे, थंडी मला मानवते, आणि मला कसलीही घाई नाही. कधीतरी लेकीच्या हट्टापायी बसशीलच.