उडेम्बाचा इकेंगा

“सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या कामांचा त्याग करतोस?” प्रार्थनामास्तर बार्थोलोम्यूंनी बाप्तिस्म्याची तालीम म्हणून विचारलं.

“करतो,” उडेम्बा म्हणाला. “पण मास्तर, त्याचं एकही काम मी केलेलं नाही. मी जन्मभर कंद लावले.”

मागच्या बाकावर मी फिसकन हसलो. मास्तरांनी डोळे वटारले तेव्हा तोंड आवरलं. मी इलोका, उडेम्बाचा शेजारी; त्याला सोबत म्हणून रोज येत होतो. मला स्वतःला बाटायचं नव्हतं आणि मास्तरांना ते ठाऊक होतं.

खरं तर उडेम्बालाही मिशनचं फारसं कौतुक नव्हतं. पण त्याची बायको मग्बाफो ख्रिस्ती झाली होती. गेल्या वर्षी ती गेली आणि चर्चमागच्या मिशनच्या दफनभूमीत तिला पुरलं. आमच्याकडे माणसाला त्याच्याच अंगणात मूठमाती देतात. उडेम्बाला मात्र तिच्या शेजारची जागा हवी होती.

“तिकडे सगळी परकी माणसं,” तो म्हणायचा. “ती कुणाशी बोलणार?”

बाप्तिस्म्याशिवाय तिथे जागा नव्हती. म्हणून या वयात तो प्रार्थना पाठ करत होता. चुकीच्या म्हणायचा, पण खणखणीत आवाजात.

शेवटी राहिला इकेंगा. हातभर उंचीची, दोन शिंगांची लाकडी मूर्ती. पुरुषाच्या उजव्या हाताचं बळ तिच्यात असतं. उडेम्बाने ती लग्नाआधी घडवून घेतली होती आणि पहिल्या पिकापासून तिला घास भरवला होता. ती मिशनच्या आवारात आणून जाळायची, असा मास्तरांचा नियम.

“जाळा,” उडेम्बा म्हणाला. “लाकूडच आहे.” असं म्हणाला खरा, पण घरून येताना ती त्याने कडेवर घेतली होती.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही चौघं आवारात उभे होतो. चौथा अनेने, उडेम्बाचा एकुलता एक मुलगा. मिशनच्या कारखान्यात बाकं करायचा. मास्तर त्याला सिप्रियन म्हणत. पोरगा कष्टाळू, बापाला जपणारा. त्याच्याबद्दल वावगं बोलायला मला जागा नाही.

मूर्ती पेटेना. वर्षानुवर्षं बळीचं रक्त आणि तेल पिऊन तिच्यावर जाड पुटं चढली होती. नुसता धूर निघत राहिला. मास्तर खोकू लागले.

“सिप्रियन, तू सुतार ना? कर काहीतरी.”

अनेनेने काठीने मूर्ती बाहेर ओढली, ओंडक्यावर उभी धरली आणि कुऱ्हाड घातली. लाकडाची रेघ त्याला बरोबर सापडली. एका घावात दोन शिंगं दोन बाजूंना पडली.

मग त्याचा हात तसाच थांबला. आमच्याकडे इकेंगा एकदाच चिरतात, मालक मेल्यावर. अर्धा त्याच्याबरोबर पुरतात आणि अर्धा फेकून देतात. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अनेनेलाही होतं. पण लाकूड पेटत नाही म्हटल्यावर सुताराचा हात कुऱ्हाडीकडेच गेला.

“बाबा,” तो म्हणाला. “बाबा, माझ्या ध्यानातच...”

“चांगलं चिरलंस,” उडेम्बा म्हणाला. “सरळ गेलं.” त्याने दोन्ही तुकडे उचलले आणि स्वतःच्या हाताने आगीत ठेवले. आता ते पेटले.

“झालं एकदाचं,” मास्तर म्हणाले. त्यांचा जन्म मिशनमधला. त्यांना काय कळणार?

दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झाला. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा उडेम्बाने डोळेही मिटले नाहीत. मास्तरांनी दफनभूमीत नेऊन त्याला मग्बाफोशेजारची जागा दाखवली. एवढ्यासाठीच सारा खटाटोप होता, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. बाजारात दुसऱ्याचा माल बघावा तसा तो त्या जागेकडे बघत होता.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. अनेनेने कोलाफळाची ताटली आणून बापापुढे धरली. पाहुण्यासाठी फळ हातात घेऊन पूर्वजांना हाक मारायची, हा घरातल्या थोरल्याचा मान. उडेम्बाने ताटली हलकेच मागे सारली.

“तू म्हण.”

“बाबा, तुम्ही असताना मी कसं म्हणू?”

“म्हण रे. इलोका खोळंबलाय.”

अनेने माझ्याकडे बघू लागला. मी मान खाली घातली. मला रडू यायला हवं होतं, पण छातीत काही हललंच नाही. अनेनेने फळ उचललं. जुनी हाक त्याला कधी कुणी शिकवली नव्हती. तो मिशनची प्रार्थना म्हणाला, भरभर, एकाच सुरात. मग त्याने फळ फोडलं आणि रीतीप्रमाणे पहिली फोड बापापुढे धरली.

“मला कशाला?” उडेम्बा शांतपणे म्हणाला. “आधी जिवंत माणसांना दे.”

 अनेनेने ताटली माझ्याकडे वळवली आणि मी एक फोड घेतली.