शेवईची रेषा

माझ्या बायकोने, दमयंतीने, उन्हाळ्यात केलेल्या शेवयांचा डबा ती गेल्यापासून मी उघडला नव्हता. त्या शनिवारी उघडला आणि शाळेत नेला. ती शेवया काठीवर वाळवायची, त्यामुळे त्या सुतासारख्या सरळ असायच्या. मला सरळच हव्या होत्या.

नववीच्या पोरांनी आठवडाभर गावातल्या आठ शेळ्यांची छाती टेपने मोजली होती, वजनंही केली होती. पुठ्ठ्यावर आडवी छाती, उभं वजन, आणि दर शेळीला एक चिंचोका चिकटवला. आता सगळ्या चिंचोक्यांच्या जवळून जाईल अशी शेवई मधून ठेवायची. मग न तोललेल्या शेळीची नुसती छाती मोजायची आणि शेवईवरून वजन वाचायचं.

न तोललेली शेळी शाळेच्या फाटकातच होती. वर्गातल्या धनश्रीची आजी भीमाबाई ती आसाराम व्यापाऱ्याला वजनावर विकत होती. टांगून तोललं की नजर लागते म्हणायची. आसाराम उचलून सांगेल तेच वजन.

"सव्वीस किलो," आसाराम म्हणाला. "माझा हात म्हंजी काटा हाय."

"आज्जे, थांब!" धनश्री टेप घेऊन धावली आणि शेळीसकट दोघांना वर्गात घेऊन आली. छाती सत्तर सेंटिमीटर.

रविराजने तेच आकडे मोबाईलमध्ये भरून रेषा काढून घेतली होती. "मोबाईल तेहतीस म्हणतोय!"

धनश्रीने शेवई जराशी खाली सरकवली. "एकतीस. वरचा चिंचोका धरायचा न्हाई. ती गोजरबाईची शेळी गाभण हाय. मोबाईलला काय म्हाईत?"

"शेवईवर शेळी इकू का मी?" भीमाबाई म्हणाली.

"मग टांगू नको," धनश्री म्हणाली. "शाळेत पोरांना तोलायचा काटा हाय, त्यावर तूच चढ, शेळी उचलून. मग एकटी चढ."

"म्हंजी माझं वजन गावाला कळनार?"

"कळू दे की!" अख्खा वर्ग ओरडला.

म्हातारी पदर खोचून चढली. शेळीसकट बहात्तर. शेळी पोरांच्या हातात देऊन पुन्हा चढली. एकेचाळीस.

"एकतीस!" पोरं बाकांवर चढून नाचायला लागली. मीही टेबल बडवत होतो.

"काटा बिघाडलाय," आसाराम म्हणाला.

"मग तुमीबी चढा, मामा!"

आसारामने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या. एकतीस तर एकतीस."

एवढ्यात कुरकुर आवाज आला. शेळीने पुठ्ठ्यावरची रेषा खाल्ली होती.

"सर, दुसरी!" धनश्री ओरडली.

मी डब्यातून काढून दिली. शेळीने तीही खाल्ली.

भीमाबाई आसारामकडे वळली. "आता एकतीस न्हाई. दोन शेवया वर धर."