लाल दोरा

मॉस्कोतल्या शेठ लोकांना हल्ली चांदीसुद्धा खेडवळ दिसणारी लागते. आजोबा लाकडी वाडग्यात जेवायचे याची काल-परवापर्यंत ह्यांना लाज वाटायची! अशाच एका शेठच्या मुलीच्या लग्नासाठी आमच्या कारखान्यात पाव-मिठाचं तबक करायचं होतं, नवरा-नवरीचं पाव-मिठानं स्वागत करतात ते. त्यावर चांदीचाच रुमाल असा घडवायचा, की बघणाऱ्यानं उचलायला हात घालावा.

"निकानोर, तुझ्या आईकडून लग्नाचा रुमाल मागव," मालक साव्वा कुझ्मिच म्हणाले. "पुस्तकातली नक्षी नको मला."

चार वर्षांपूर्वी आईचा आशीर्वाद न घेताच मी इथं लुशाशी लग्न लावलं. तेव्हापासून गावाहून एक ओळ नाही. तरी लिहिलं.

रुमाल आला, चिठ्ठी नाही. आणि रुमालावर कोंबडे होते, पण पांढऱ्यावर पांढऱ्या भरताचे! आमच्याकडं लग्नाच्या रुमालावर लाल कोंबडे असतात. नुसता पांढरा असतो तो मयताला. म्हातारीची नजर गेली, की मला काही सुनावतेय? डोकं चालेना. मुदत जवळ आलेली. चांदीला कुठला आलाय रंग, असं म्हणून मी कोरणी उचलली.

तबक पुरं झालं त्याच आठवड्यात आई स्वतःच कारखान्यात हजर झाली, रुमाल परत न्यायला. आल्या आल्या तबकापाशी गेली आणि चांदीच्या रुमालाचं टोक धरून ओढायला लागली. नखं वाजली. मालक पोट धरून हसले. आई हसली नाही.

मी तिला बाजूला घेतलं. "आई, मयताचा रुमाल का गं धाडलास?"

"मयताचा कसला? तुझाच आहे. तुझ्या लग्नासाठी भरला होता. तू परस्पर उरकलंस, तेव्हा लाल दोरा उसवला नि त्याच भोकांतून पांढरा घातला. म्हटलं, मेला माझा पोरगा."

मला लाज वाटली, रागही आला. त्यातलं जास्त काय होतं ते आजही सांगता येणार नाही.

आई परत तबकावर वाकली. कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून तिनं बोट फिरवलं.

"ह्यातला कुठला रे हा? लाल की पांढरा?"

"मला नाही कळत, आई."

"मलाही नाही."

मग कापडाच्या रुमालाची घडी करून काखेत मारली.

"चल घरी. तुझी ती बायको लाल दोरा ठेवते ना घरात?"