दादाची टीप

शिंप्याच्या थोरल्या भावाने, दादाने, चाळीस वर्षं गोल्फच्या मैदानावर माळीकाम केलं. डोळे गेले तसा तो आता लेकीकडे कायमचा राहायला निघाला होता. संध्याकाळची गाडी होती. जाण्याआधी त्याने एवढंच मागितलं, "मैदानावर ने. तुझ्या हातची टीप ऐकव. एकच, पण नीट."

भोकाजवळून चेंडू अलगद उचलून घरंगळत सोडायचा, त्या फटक्याला सगळे 'चिप' म्हणत. दादा पहिल्यापासून 'टीप'च म्हणायचा. धाकटा त्यावरून त्याची टर उडवायचा.

दादा स्टुलावर बसला, कान भोकाकडे. शिंप्याने पहिला फटका मारला.

"ढेकूळ उपटलंस," दादा म्हणाला. "लेकरासारखं वाढवलंय रे ते गवत."

दुसरा सणसणत पलीकडे गेला.

"हा माझ्याआधी गाडीत जागा धरायला गेला!"

शिंपी हसला, पण त्याला जुने दिवस आठवले. तिन्हीसांजेला रिकाम्या मैदानावर दोघांनी किती टिपा मारल्या होत्या! दादा भजन गुणगुणायचा आणि चेंडू कसे ठेक्यावर पडायचे. आता एक आखूड, एक लांब. दहा चेंडूंतले आठ झाले, दोन उरले.

"शेवटी मनगटाला हिसका देतोस," दादा आवाजावरून ताडून म्हणाला. "दोरा तोडल्यासारखा."

शिंपी चपापला. शिवण संपली की हिसक्याने दोरा तोडायचा, उभ्या जन्माची सवय ती.

"आणि मारल्या मारल्या मान वर. टाळ वाजवणारा टाळाकडे बघत बसतो का?"

"मग करू काय?"

"तू नुसती टीप घाल. दोरा मी तोडीन."

तेव्हा कुठे शिंप्याच्या डोक्यात उजेड पडला. टीप! मशीनवर घालतो तीच, एका चालीची, ना घाई ना ओढ. माणूस हातून सुटलेलंही डोळ्यांनी ओढत नेऊ बघतो; देवावर काही सोडत नाही.

त्याने ते जुनं भजन गुणगुणायला घेतलं. दादाने मांडीवर ठेका धरला. टक्. मग मऊ टप्प. मग गवतावरून सरसर.

शिंप्याची नजर खालीच. "दादा, कुठवर गेला?"

दादाने मान कलती केली. "हातभर राहिला. आता बघ हवं तर."

शिंप्याने मान वर केली नाही. केली असती, तर दादा स्टुलावरून उठून गाडीला निघाला असता.