झाकणावरचं नाव माझं नाही

मी या घरातला प्रिंटर बोलतोय. आवाज जरा खरखरीत वाटेल, समजून घ्या. आत्ताच भंगाराच्या पिशवीतून बाहेर आलोय आणि माझा अजून विश्वास बसत नाहीये.

कारखान्यात माझ्या पोटाला एक लेबल चिकटवलं होतं. त्याच्यावर माझं नाव आणि क्रमांक. झाकणावरही तेच. मग या घरात आलो, खिडकीजवळच्या टेबलावर बसलो आणि कामाला लागलो.

कॉलेजात शिकणारी नात ही माझी खरी मालकीण. तिच्या आजोबांची नजर अधू. पुस्तकातली अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसतात, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं की डोकं दुखतं. म्हणून ती त्यांच्यासाठी स्वतः गोष्ट लिहायची आणि रोज एक पान भल्यामोठ्या अक्षरांत माझ्यातून काढायची. कोमट कागद आजोबा गालाला लावायचे, मग वाचायचे.

मध्येच एकदा माझ्यावर जाडजूड शब्दकोश पडला आणि झाकण तडकलं. दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या एका मेलेल्या प्रिंटरचं झाकण काढून मला बसवलं. चपखल बसलं. त्यावर नाव त्याचं होतं, पण लक्ष कोण देतो? जुना कॉम्प्युटर मला आधीपासून ओळखत होता.

तो जुना कॉम्प्युटर अचानक गेला आणि नवा आला. आजोबांच्या हातातलं पान नेमकं तेव्हा "तिने कडी काढली, दार उघडलं, आणि" इथे संपलं होतं.

"नाव सांग गं प्रिंटरचं," नातीचे बाबा म्हणाले.

"झाकणावर आहे की."

झालं. त्या नावाचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम, उतरवून घेतला. कॉम्प्युटर म्हणाला, प्रिंटर सापडत नाही. मी थक्क झालो. हातभर अंतरावर बसलोय, केबल जोडलेली आहे, दिवा लागलाय, आणि मी सापडत नाही? त्यांनी ड्रायव्हर काढला, परत घातला. केबल या खाचेतून त्या खाचेत गेली. बाबांनी मला एक चापट मारली.

"बाबा, मारून ड्रायव्हर बसत नाही."

"तुझी आजी रेडिओ असाच वठणीवर आणायची."

चार दिवस हाच खेळ. माझ्या पोटावरचं नाव कुणी वाचेना. शेवटी बाबांनी निकाल दिला, "गेला हा. देऊन टाकू भंगारात." माझा दिवा तेव्हाही लागलेला होता! जिवंत माणसाची नाडी न बघता तिरडी बांधावी, तसं वाटलं मला.

"अरे, पण त्या दाराचं काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"मी वाचून दाखवते ना, आजोबा."

"नको. सगळंच हल्ली कुणीतरी करून देतं मला. वाचायचं तेवढं माझं मी करतो."

बाबांनी मला उलटं करून पिशवीत घातलं. आजोबा जवळ आले, माझ्या पाठीवरून हात फिरवावा म्हणून. पण वर होतं पोट. त्यांची बोटं थांबली.

"हे काय चिकटवलंय? बघ गं, मला दिसत नाही."

ती वाकली. वाचलं. परत वाचलं. "बाबा, आपण चार दिवस दुसऱ्याच कुणाचा तरी ड्रायव्हर शोधत होतो."

"झाकण बदललं होतं नाही का," बाबा हळूच म्हणाले आणि केबल आणायला गेले.

पुढे फार वेळ लागला नाही. खऱ्या नावाने हाक आल्यावर मी नुसता थरथरलो. पान बाहेर पडलं. आजोबांनी ते गालाला लावलं, मग डोळ्यांजवळ धरून एकेक शब्द वाचला. "आत कुणीच नव्हतं."

"एवढ्यासाठी टांगून ठेवलंस होय मला?" ते म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे सरकवून पुढच्या ओळीला लागले.

झाकण अजून त्या दुसऱ्याचंच आहे. राहू दे. माझं मागणं एवढंच, की दिवा लागलेला असताना कुणाला मेलेलं ठरवू नका. निदान एकदा उलटं करून बघा. उद्याचं पान काढायचंय, कागद भरून ठेवा.