जिन्याखालचं मीटर

श्यामसुंदर मिस्त्रीनं शेवटचा स्क्रू पिळला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि तो स्टुलावरून उतरला. त्याचे पाय जमिनीला लागायच्या आत नीलकंठ स्टुलावर चढला होता. जिन्याखालच्या काळोखात आता दोन मीटरं शेजारीशेजारी झाली होती. एक जुनं, साऱ्या घराचं. दुसरं नवं, फक्त वरच्या मजल्याचं. वर विनतानं कुठलासा दिवा लावला असावा, कारण नव्याची चकती थरथरली आणि हळूच फिरू लागली. नीलकंठानं खिशातून वही काढून आकडा टिपला. तारीख घातली, वीस ऑगस्ट. वेळही घातली.

"अब आपका अलग, उनका अलग," मिस्त्री पक्कड पिशवीत टाकत म्हणाला. "झगड़ा खतम, बाबूजी."

"झगड़ा था ही कब, भैया? हिसाब की बात है."

खालच्या खोलीच्या दारात घरमालक बापूसाहेब उभे होते. चष्मा कपाळावर, हात चौकटीला.

"झालं का, नीलकंठराव?"

"झालं, बापूसाहेब. आता तुमचं तुमचं, आमचं आमचं. कोणाचं कोणावर नाही."

"चलो, बरं झालं." बापूसाहेब वर तोंड करून विनताला म्हणाले, "सूनबाई, मिस्त्रीला चहा पाज बरं. मला पण."

बड्या फुहाऱ्यामागच्या, म्हणजे चौकातल्या कारंज्यामागच्या गल्लीतल्या या घरात नीलकंठ आणि त्याची बायको विनता तीन वर्षांपासून वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. खाली बापूसाहेब एकटे. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, बायको मागंच गेलेली, एकुलता एक मुलगा अच्युत फौजेत, सागरच्या छावणीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. घराला मीटर एकच, आणि पहिल्या महिन्यात बापूसाहेबांनीच ठरवून टाकलं होतं: बिल निम्मंनिम्मं.

नीलकंठ तोफगाड्यांच्या कारखान्यात पगार विभागात कारकून होता. सातशे माणसांचा पगार त्याच्या हातून जाई आणि आजवर एका पैशाची चूक निघाली नव्हती. विजेचं बिलही तो स्वतः सायकलवर जाऊन भरी, तेही मुदतीच्या आत, कारण मुदतीत भरलं की थोडी सूट मिळे. सूट चोवीस पैसे मिळाली तर संध्याकाळी बारा पैसे बापूसाहेबांच्या तळहातावर ठेवूनच तो वर जाई. बापूसाहेब ते मुठीत घेऊन म्हणत, "देव तुमचं भलं करो, नीलकंठराव. आज मी श्रीमंत झालो."

पण या प्रामाणिकपणाच्या पोटात एक काटा सलत होता. पहाटे पाणी भरायला उतरावं तर बापूसाहेबांचा दिवा लागलेला. संध्याकाळी यावं तर लागलेला. एकट्या माणसाला इतका उजेड कशाला लागतो? नीलकंठानं वहीत तीन रकाने पाडले. गल्लीतल्या इतर भाडेकरूंसारखं दर दिव्यामागं दीड रुपया मालकाला द्यावा, निम्मंनिम्मं चालू ठेवावं, की आपलं मीटर वेगळं बसवावं. महिनाभर गुणाकार करून त्यानं तिसऱ्या रकान्याखाली दोन रेघा ओढल्या. मीटर आणि मिस्त्री मिळून बत्तीस रुपये. वर्षाच्या आत वसूल.

"अन् नाही झाले वसूल तर?" विनतानं विचारलं होतं.

"काहून नाही होणार?"

"मी आपलं विचारून राहिली. हिशेबातलं मला काय समजते."

हे वाक्य ती बोलली की नीलकंठाला उगाच आपली बेरीज पुन्हा तपासावीशी वाटे.

पहिल्या सात दिवसांत नव्या मीटरनं अकरा युनिट दाखवली.

नीलकंठ स्टुलावरून उतरला, चष्मा पुसून पुन्हा चढला. अकराच. अकरा चोक चव्वेचाळीस. साऱ्या घराचं बिल महिन्याला पन्नास-बावन्न युनिटांचं येई. वर पाटावर बसून त्यानं आकडा वहीत टिपला. मग उठून त्यानं गॅलरीतला दिवा काढून ठेवला. आठवड्यानं टेबलफॅन दुपारचा बंद झाला. तेवढ्यात सप्टेंबर उजाडला, सीमेवर लढाई पेटली आणि गावात ब्लॅकआऊट सुरू झाला. खिडक्यांना काळे कागद लागले, दिव्यांना निळे.

"पाहिलं? सरकार पण आपल्या बाजूनं आहे," नीलकंठ म्हणाला.

तरी आकडा हवा तेवढा उतरेना. सात तारखेला सुट्टीची शिट्टी होताच तो घरी आला, घरातलं सगळं बंद करून त्यानं एकटा रेडिओ लावला आणि खाली जाऊन तासभर चकती मोजली. रेडिओ पाच व्हॉल्व्हचा, लग्नात मिळालेला, जिन्याच्या दाराशी फळीवर ठेवलेला. पोळ्या लाटताना ऐकू यावा म्हणून विनता तो मोठ्यानं लावी. चोर सापडला होता.

"आठ दिवस राहू दे बंद," त्यानं वायर गुंडाळून फळीवर ठेवली.

"लढाई सुरू आहे अन् रेडिओ बंद?"

"बातम्या कारखान्यात फुकट मिळतात. सांगत जाईन ना तुला."

"चलो," विनता म्हणाली. "तुम्हीच माझी दिल्ली."

कारखान्यात ओव्हरटाइम लागला होता. नीलकंठ आठच्या सुमाराला सायकल ढकलत अंधाऱ्या गल्लीतून येई. आणि त्याच आठवड्यात एक नवी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. बापूसाहेब जिन्यात बसू लागले होते. चौथ्या पायरीवर, भिंतीला टेकून, तोंड वर करून. बरोबर मीटरांच्या डोक्यावर.

"इथं काहून बसले, बापूसाहेब?"

"आत गरमी होऊन राहिली." ते सरकून वाट देत. एकदा त्यांनी विचारलं, "काय म्हणते लढाई, नीलकंठराव?"

"चालू आहे," नीलकंठ म्हणाला आणि दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. दिवसभर आकडे लिहून त्याची मान दुखत होती.

वर आल्यावर तो विनताला हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याचा मीटरवर डोळा आहे. रोज पहारा देते."

"चष्मा न लावता?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी आज त्यांच्यासाठी पाट ठेवला पायरीवर. फरशी गार लागते म्हाताऱ्या माणसाला." तिनं वरणाचं पातेलं उतरवलं. "चष्मा न लावता त्यांना आपलं ताट दिसत नाही, मीटर काय दिसणार?"

नीलकंठ जेवू लागला. घास नेहमीपेक्षा मोठा होता.

वीस तारखेला कंपनीचा माणूस येऊन जुन्या मीटरचा आकडा कार्डावर लिहून गेला. संध्याकाळी नीलकंठानं जिन्याखाली टॉर्च हाताआड धरून दोन्ही आकडे उतरवले आणि वर येऊन, निळ्या कागदातून गळणाऱ्या उजेडात, वजाबाकी केली. साऱ्या घराचे बेचाळीस. वरचे चौतीस.

विनता त्याच्या खांद्यावरून बघत होती. "म्हणजे खाली आठ?"

नीलकंठानं आठाखाली रेघ ओढली.

"आठ?" ती पाटावर बसली. "इतकी काटकसर करून आपले चौतीस, अन् त्यांचे आठ! म्हणजे तीन वर्षं बापूसाहेब आपली वीज भरून राहिले होते?" तिला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "आवळा देऊन कोहळा काढायला निघाले, अन् कोहळा आपल्याच परसातला निघाला."

"हळू. खाली ऐकू जाते."

"जाते का? दोन हप्ते तर खाली काहीच ऐकू नसेल गेलं." मग हसणं थांबवून तिनं विचारलं, "आता काय सांगाल त्यांना?"

नीलकंठानं वही मिटली. आकडे फक्त त्यालाच ठाऊक होते. बापूसाहेबांना ना मीटर दिसे, ना कार्ड. "सांगीन, फरक थोडका आहे. कशाला दोन दोन हिशेब ठेवायचे, निम्मंनिम्मंच बरं होतं. त्यांनीच ठरवलेलं."

विनतानं मिटलेल्या वहीकडे पाहिलं.

"खोटं आहे का काही त्यात?"

"नाही, खोटं नाही," ती म्हणाली. "पण तुमच्या अक्षरातलं वाटत नाही."

तो जिना उतरला. आज चौथी पायरी रिकामी होती, नुसता पाट होता. बापूसाहेब आत दिव्याखाली बसले होते. दिवा चाळीसचा, त्याला निळ्या कागदाची टोपी. समोर मालधक्क्यावरची एक जुनी जाड वही, नाकावर चष्मा, हातात पेन्सिल.

"या, या. बसा. सुपारी घेता ना?" ते उठून भिंत चाचपत आतल्या फडताळाकडे गेले.

वही उघडीच राहिली. दुसऱ्याचं पत्र नीलकंठानं जन्मात वाचलं नसतं. पण रकाने पाडलेला कागद समोर असला की त्याचा डोळा आपोआप खाली उतरे. तो आजारच होता. अक्षरं अंगठ्याएवढी, एकावर एक चढलेली. डावीकडे तारखा. उजवीकडे एक-दोन शब्द. एक: छांब. दोन: छांब, रणगाडे. पाच: जौरियां. सहा: लाहोरकडे. सात: विमानं, पठाणकोट.

आठ तारखेपुढे काही नव्हतं. नऊपुढे नव्हतं. तारखा मात्र एकही न चुकता लिहिलेल्या होत्या, पार विसापर्यंत, आणि त्यांच्यासमोरचा रकाना कोरा.

पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं: अच्युत.

बापूसाहेब अडकित्ता घेऊन परतले तेव्हा नीलकंठ वहीकडे नाही, जमिनीकडे पाहत होता.

"अच्युत सागरलाच आहे ना, बापूसाहेब?"

"होता." त्यांनी सुपारीचं खांड अडकित्त्यात धरलं. कट्कन आवाज झाला. "गेल्या महिन्यात हलवलं. पत्रावर गाव नसते लिहिलेलं, नुसता नंबर. आता तर पत्र पण नाही." मग सूर बदलून म्हणाले, "बोला, काय निघालं मीटरात?"

वरून काय ठरवून आलो होतो ते नीलकंठाला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यानं आपली वही उघडली, उगाचच, कारण आकडे पाठ होते.

"एकूण बेचाळीस. वरचे चौतीस, तुमचे आठ." त्यानं पान उलटलं. "मागचं पण तसंच असेल. तीन वर्षांचं. महिन्याला तुमचे जास्तीचे पंधरा-सोळा युनिट धरले तर..."

"अठरा," बापूसाहेब म्हणाले.

"अच्छा?"

"उन्हाळ्यात अठरा पडतात. तुमचा फॅन असते ना." त्यांनी सुपारी त्याच्या हातावर ठेवली. "अहो, तीस वर्षं मालधक्क्यावर वजनं घेतली मी. माझा दिवा किती खाते मला ठाऊक नसेल?"

"मग निम्मंनिम्मं काहून?"

बापूसाहेब जरा संकोचले. चष्मा काढून धोतरानं पुसू लागले.

"माझा ट्रान्झिस्टर अच्युत घेऊन गेला. छावणीत करमत नाही म्हणे. तुमचा रेडिओ जिन्यातून खाली येते, स्पष्ट. सकाळच्या बातम्या, रात्रीच्या बातम्या, सूनबाईंची गाणी. सगळं इथं खाटेवर. म्हटलं, निम्मा रेडिओ आपण ऐकतो, निम्मं बिल आपण भरावं. बरोबर होतं की नाही?" ते हसले. "फक्त रेडिओच्या सरकारी परवान्याचे राहिले. वर्षाचे पंधरा ना? साडेसात माझ्याकडे निघतात. दर साली विचार करतो, अन् तुम्ही सूट घेऊन येता तेव्हा लाज वाटते."

नीलकंठानं सुपारी तोंडात टाकली नाही. ती मुठीत तशीच धरून तो उठला.

"तुम्ही म्हटलं असतं तर, बापूसाहेब."

"आता कसं म्हणू?" म्हातारा साधेपणानं म्हणाला. "तुमचं तुमचं ठरलं ना."

नीलकंठ वर आला. त्यानं फळीवरची वायर सोडवली, रेडिओ दोन्ही हातांनी उचलला आणि जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर नेऊन ठेवला. विनता कणकेच्या हातांनी दारात आली. त्यानं खटका दाबला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. आधी नुसती घरघर, मग डायलचा पिवळा उजेड जिन्यात पसरला, थेट खालच्या अंगणापर्यंत. गल्लीतून कोणी तरी ओरडलं, "बत्ती! किसकी बत्ती है?"

नीलकंठानं इकडंतिकडं पाहिलं. मग खिशातून वही काढली, महिन्याचा हिशेब असलेलं पान टर्रकन फाडलं आणि डायलवर धरलं. विनतानं बोटाच्या कणकेनं ते चारी कोपऱ्यांना चिकटवलं. चौतीस, आठ, बेचाळीस: आकडे क्षणभर मागून उजळले, मग तिनं वहीचं आणखी एक पान वर चिकटवलं आणि उजेड बुजला.

खाली दार करकरलं. काठी पायरीला लागली. पाट सरकवल्याचा आवाज आला.

"नीलकंठराव," अंधारातून बापूसाहेबांचा आवाज आला, "आवाज कमी करा जरा. चकती धावून राहिली असेल तुमची."

"धावू द्या. निम्मी तुमची आहे."

"अन् परवान्याचे साडेसात..."

"गप्प बसा बरं दोघं," विनता सगळ्यात वरच्या पायरीवर बसत म्हणाली. "दिल्ली बोलून राहिली."