धाकोजीची शेवटची खेप

तांबूस, मलूल, पिसाट संध्याकाळ. पोवळ्यांच्या बेटांवर ती उतरली आणि वाऱ्याने माडांच्या झावळ्या एका अंगाला पिंजारल्या. नील-हरित जळ काळवंडले. शुभ्रफेन लाटा उठल्या, उठल्या आणि फुटल्या. अशा वेळी शहाणा माणूस होडी वर ओढून घेतो. पण धाकोजीपाशी सवड उरली नव्हती.

मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. मग म्हाताऱ्याने एकच हट्ट धरला : धाकट्या बेटावर, जिथे बायकोला अग्नी दिला, तिथेच आपल्यालाही द्यावा. लेकीने, शेवंतीने, त्याला घोंगडीत गुंडाळले आणि भागोजी नाखव्याचे पाय धरले. भागोजी धाकोजीच्याच हाताखाली सुकाणू धरायला शिकलेला. त्याने नाही म्हटले नाही; दोन खलाशी घेऊन होडी लोटली.

रात्र आली. श्यामल, सजल, चंद्रहीन रात्र. डोलकाठी कण्हत होती, शीड फडफडत होते, पाऊस तिरपा झोडपत होता. लाटेमागून लाट, लाटेमागून लाट. त्या आर्त, अनावर, अखंड घोषात कधीतरी बापाचा हात शेवंतीच्या हातात थंड झाला.

तिने हंबरडा गिळला. कारण तिथल्या दर्यावर्दींचा रिवाज तिला ठाऊक होता : मयताने होडीतून सूर्य पाहू नये, उजाडायच्या आत त्याला दर्याच्या स्वाधीन करावे.

मग ती बोलत राहिली. मेलेल्या बापाशी बोलत राहिली. घोंगडी सारखी केली, ओठांशी पेजेची वाटी धरली, थंडी वाजते का विचारले, पीत नाही म्हणून रागावलीसुद्धा. सुकाणूवरून भागोजीने मधूनच विचारावे, "बाय, बापूस कसा हाय?" आणि तिने म्हणावे, "निजलेत, काका." बापासाठी रडताही येऊ नये, याचेच तिला जास्त रडू येत होते.

पहाटे वादळ दमले. क्षितिजावर धाकटे बेट उमटले, पण अजून दूर, फार दूर; आणि सूर्य मात्र आला. केशर-कोवळा उजेड डोलकाठीवरून उतरत उतरत घोंगडीवर आला. दोघे खलाशी जागचे उठले. शेवंतीने बापाच्या तोंडावर पदर ओढला.

"आबांच्या डोळ्यांवर ऊन येतंय," ती म्हणाली.

भागोजीने खलाशांकडे पाहिले. सुकाणू तसूभरही न हलवता तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "तुजा बापूस लय मोठा नाखवा व्हता गो."

व्हता.

म्हणजे त्याला ठाऊक होते. मध्यरात्रीपासून, कदाचित त्या पेजेच्या वाटीपासून ठाऊक होते. आणि तरी दर वेळी त्याने 'हाय'च म्हटले होते. एका खलाशाने डोक्याचे फडके काढले, दुसरा वल्ह्याला बसला.

तेव्हा शेवंती रडली. बापाच्या छातीवर डोके टेकून, मोठ्याने, मोकळ्याने रडली. आणि निळ्या पाण्यातून हिरव्या पाण्यात, हिरव्या पाण्यातून पांढऱ्या वाळूकडे, धाकोजीला उन्हात घेऊन होडी चालली, हळू, हळू, हळू.